पहाडाचं बी, पठाराचं रान

आमच्या गोठ्यातल्या खुंटीला एक जुनं दावं अजून टांगलेलं आहे. वडिलांनी वळलेलं, अंबाडीच्या वाखाचं. दिवाळी झाली की कपाशीच्या धुऱ्यावरची अंबाडी कापायची, पेंढ्या बांधून नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या, साल सुटायला लागली की गुडघाभर पाण्यात उभं राहून वाख सोलायचा, धुऊन वाळवायचा आणि पुढच्या पोळ्याआधी त्याचे कासरे, मोरख्या आणि दावी वळायची. कुजत्या अंबाडीचा वास ज्याने एकदा घेतला तो जन्मात विसरत नाही. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनद, तांसी या भागात माझ्या वयाच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या हाताला त्या वाखाची आठवण आहे.

पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना अंबाडीचं शास्त्रीय नाव वाचलं आणि थबकलो. हिबिस्कस कॅनॅबिनस. म्हणजे कॅनॅबिससारखी, भांगेसारखी. हाताच्या बोटांसारखं फाटलेलं पान दोघांचं सारखं दिसतं, एवढ्यावरून हे नाव पडलं. नातं काहीच नाही. अंबाडी जास्वंदीच्या आणि कपाशीच्या कुळातली. भांगेचं झाड हॉप्सच्या कुळातलं, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या कुळातलं. पण दोघांच्याही सालीत वाख, दोघांनाही दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलोरा, आणि दोघंही आमच्याच रानात उभी. एक धुऱ्यावर उघडपणे, दुसरं कपाशी-तुरीच्या तासांत लपून.

त्या दुसऱ्या झाडाबद्दल आमच्याकडे बोलतात ते हळू आवाजात. आदिलाबाद जिल्ह्यात कपाशीच्या आणि तुरीच्या आडोशाने गांजाची झाडं लावल्याची प्रकरणं दरवर्षी उघडकीला येतात. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 20 प्रमाणे हे झाड लावण्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. 2021 मध्ये तेलंगण सरकारने गांजा लावणाऱ्याची रयतू बंधू या शेतकरी योजनेची मदत बंद करण्याचं जाहीर केलं. पकडला जातो तो बहुधा दोन-चार एकरांचा धनी. बी देणारा आणि माल उचलणारा कुठल्या कुठे असतो. मी शिक्षक होतो, माझ्या वर्गातली मुलं मोठी होऊन अशा प्रकरणांत अडकलेली पाहिली आहेत. या विषयाकडे मी वळलो तो त्या मुलांमुळे, आणि एका वाक्यामुळे. ते वाक्य मी चहाच्या टपरीपासून बसस्टँडपर्यंत सगळीकडे ऐकत आलो: "डोंगरावरचा माल कडक असतो."

हे वाक्य खरं आहे का? उंचीवर वाढल्याने झाडात काही बदलतं का? बदलत असेल तर ते झाडात बदलतं की बियात? वरचं बी खाली आणलं तर वरचा गुण खाली येतो का? या चार प्रश्नांभोवती पुढली टिपणं फिरतात. प्रश्न साधे दिसतात. त्यांची उत्तरं शोधताना मला हिमालयापर्यंत, पामीरपर्यंत आणि कॅलिफोर्नियाच्या डोंगरापर्यंत वाचत जावं लागलं, आणि शेवटी उत्तराचा अर्धा भाग केसलापूरच्या जत्रेत एका गोंड म्हाताऱ्याकडून मिळाला.

आधी आपल्या जागेची उंची नीट समजून घेऊ. आदिलाबाद शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम 264 मीटरवर आहे. उत्तरेला पैनगंगेचं खोरं, दक्षिणेला निर्मळच्या बाजूने सातमाळ्याच्या रांगा, मध्ये उटनूर-नारनूरचं चढउताराचं पठार, आणि पूर्वेला केरामेरीचा घाट चढून गेलं की चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या माणिकगड पहाडाला लागलेली गावं. त्यांपैकी काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांचाही हक्क आहे आणि तिथली माणसं दोन्हीकडे मतदान करतात. मराठवाड्यातून 1972 च्या दुष्काळात उठून आलेली कितीतरी कुटुंबं या पहाडावर स्थिरावली. आपण याला कौतुकाने पहाड म्हणतो, पण हिमालयाच्या मापाने हा उंबरठाही नाही.

हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. त्या हिशेबाने आदिलाबाद शहर आणि आपलं सगळ्यात उंच पठार यांत दोन-तीन अंशांचा फरक पडेल, फार नाही. मग आमच्याकडे पौषात जी हाडं गोठवणारी थंडी पडते ती कुठून येते? तेलंगणात सगळ्यात कमी तापमानाची नोंद बहुतेक वर्षी आमच्याच भागात होते, पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. ही थंडी उंचीची नाही. समुद्र लांब, आकाश निरभ्र, उत्तरेचे वारे मोकळे, आणि रात्री जड झालेली थंड हवा उतारावरून घसरून खोलगट भागात साचते. त्यामुळे कित्येकदा पठारावरच्या गावापेक्षा नदीकाठच्या गावात जास्त गारठा असतो. दहिवराने जळालेली तूर आधी खोलातल्या रानात दिसते, माळावर नंतर. हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण "थंडी म्हणजे उंची" हे समीकरण डोक्यात इतकं घट्ट बसलेलं आहे की डोळ्यांनी पाहिलेलंही माणूस विसरतो.

खऱ्या उंचीवर मात्र एकाच वेळी पुष्कळ गोष्टी बदलतात. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सत्तर टक्क्यांवर येतो. ऊन पातळ हवेतून येतं, त्यामुळे त्यातले अतिनील किरण दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. दिवसा ऊन चटका देतं आणि सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात अंगावर काटा येतो. सगळ्यात महत्त्वाचं, मोसम आखूड होतो. बर्फ वितळल्यावर पेरायचं आणि दंव पडायच्या आत आटपायचं. झाडाच्या दृष्टीने उंची म्हणजे हा सगळा जुडगा. त्यातली कुठली काडी काय करते हे वेगळं करून पाहणं, हीच या विषयातली खरी अवघड गोष्ट आहे.

कुल्लू जिल्ह्यातलं मलाणा साधारण 2650 मीटरवर आहे. तिथल्या चरसाचं नाव जगभर झालं, आणि उंचीची दंतकथा मुख्यतः तिथूनच पसरली. पण मलाणा आणि बेला यांत फक्त उंचीचं अंतर नाही. मलाणा 32 अक्षांशावर, आपण साडेएकोणीसच्या जरा वर. मलाण्यात उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस सव्वाचौदा तासांचा, आपला सव्वातेरा. हिवाळ्यात तिथला दिवस दहा तासांवर येतो, आपला जवळपास अकरा तासांचा राहतो. भांगेचं झाड दिवस मोजतं. रात्र ठरावीक लांबीची झाली की त्याची वाढ हळूहळू मंदावते आणि शेंड्याला फुलोरा धरतो. त्यामुळे मलाण्याचं झाड आखूड आणि गच्च, आणि केरळच्या डोंगरातलं झाड उंच, सैल आणि उशिरा पिकणारं, याला उंचीइतकाच अक्षांशही कारणीभूत आहे. फिनलंडमध्ये तर 1990 च्या दशकात फिनोला नावाचा वाण काढला, जो दिवसाच्या लांबीची फारशी वाटच पाहत नाही, कारण तिकडे रात्र मोठी होईपर्यंत थांबलं तर थंडी झाडालाच खाऊन टाकते. ज्याला आपण "पहाडी गुण" म्हणतो त्यातला मोठा वाटा या घाईचा आहे. जे झाड दंव पडायच्या आत बी टाकू शकलं त्याचंच बी पुढच्या वर्षी जमिनीत राहिलं. जे रेंगाळलं त्याचा वंश बुडाला. हे हजारो वर्षं झालं की सगळं रान घाईचं होतं.

आता त्या "कडक"पणाकडे येऊ. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर बारीक केसांसारख्या ग्रंथी असतात. भिंगातून पाहिलं तर देठावर दवबिंदू ठेवावा तशा दिसतात. त्यांतल्या राळेत नशा आणणारं द्रव्य असतं, आणि नशा न आणणारी, औषधी म्हणून तपासली जाणारी इतर द्रव्यंही असतात. ही राळ झाड कशासाठी करतं? किड्यांना दूर ठेवायला, पाणी राखायला आणि कदाचित उन्हापासून वाचायला. हे शेवटचं अनुमान 1987 मध्ये अमेरिकेत तपासलं गेलं. लिडन, टेरामुरा आणि कॉफमन यांनी झाडांना जादा अतिनील किरण दिले. नशेच्या जातीच्या झाडांत नशेचं द्रव्य वाढलं, वाखाच्या जातीत वाढलं नाही. या एका प्रयोगावर पुढची तीस वर्षं उंचीची कीर्ती उभी राहिली. नंतर 2021 मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात आजच्या वाणांवर तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, आणि तिथे अतिनील किरणांनी ना फुलोरा वाढला ना द्रव्य. झाडाला फक्त इजा झाली. एका प्रयोगाने दुसरा खोटा ठरत नाही, कारण झाडं वेगळी होती, घराण्यं वेगळी होती. पण "वर नेलं की वाढतं" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला इथे थांबावं लागतं. इटलीच्या आल्प्समध्ये वाखाच्या भांगेवर जे काम झालं त्यात डोंगरातल्या झाडांच्या सुगंधी द्रव्यांत फरक दिसला, आणि मला ते जास्त पटतं. वास, चव आणि तेल यांवर जागेचा हात लवकर उमटतो. चिखलदऱ्याची कॉफी घ्या. विदर्भात अकराशे मीटरवर ती एकाच ठिकाणी होते. किंवा पूर्व घाटातली अरकूची. फळ थंड हवेत सावकाश पिकतं आणि चवीत उतरतं.

नशा किती आणि औषधी अंश किती, यांचं प्रमाण मात्र मुख्यतः बियातच ठरलेलं असतं. आनुवंशशास्त्रज्ञांनी त्याची जागाही शोधली आहे. एका जनुक-स्थानावर कोणती जोडी आली यावर झाड कुठल्या वळणाचं हे ठरतं. वाखाचं बी तुम्ही कैलासावर पेरलं तरी ते गांजा देणार नाही, आणि नशेचं बी पैनगंगेच्या गाळात पेरलं म्हणून ते सौम्य होणार नाही. जागा फार तर कमी-जास्त करते. हे शेतकऱ्याला सांगणं मला कर्तव्य वाटतं, कारण लपूनछपून आलेल्या बियाबरोबर ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांत "हे पहाडी आहे" ही सगळ्यात जास्त खपते.

मग डोंगराने काही केलंच नाही का? केलं, फार मोठं केलं, पण ते एका मोसमात नाही. या झाडाचा जन्मच उंचीवरचा असावा असं मानायला आधार आहेत. मॅकपार्टलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये जुन्या परागकणांचा माग काढून त्याचं मूळ घर तिबेटच्या पठाराच्या ईशान्य टोकाला, चिंगहाई सरोवराच्या आसपास असावं असं मांडलं. हॉप्सपासून ते वेगळं झालं त्याला सुमारे 2 कोटी 80 लाख वर्षं झाली. त्याच वर्षी पामीरमधली एक गोष्ट उजेडात आली. जिरझानकल नावाच्या दफनभूमीत, तीन हजार मीटरच्या आसपास, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत लाकडी धुपाटणी सापडली. त्यांत तापवलेले दगड घालून भांग जाळली जात असे. त्या धुपाटण्यांतल्या अंशांत नशेच्या द्रव्याचं प्रमाण जंगली भांगेपेक्षा बरंच जास्त निघालं. संशोधकांनी दोन शक्यता मांडल्या: एक तर उंचीमुळे तिथली झाडंच जास्त राळेची असतील, किंवा माणसाने तशी झाडं निवडून घेतली असतील. या दोहोंत मी माणसाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण आमच्या शेतातलं आहे.

भांगेत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. पपईसारखं. पपईचं रोप फुलावर येईपर्यंत नर की मादी कळत नाही, मग शेतकरी नर उपटतो आणि थोडे ठेवतो. भांगेचे पराग वाऱ्यावर मैलोगणती जातात. 1893-94 च्या भांग चौकशी आयोगाने, ज्याचे अध्यक्ष मॅकवर्थ यंग होते आणि ज्याने 1193 साक्षीदारांची साक्ष घेतली, हे सगळं बारकाईने नोंदवलेलं आहे. त्या काळी मध्य प्रांतात गांजाची लागवड खंडव्याला आणि मुंबई इलाख्यात मुख्यतः अहमदनगरकडे परवान्याने होत असे. शेतातलं प्रत्येक नर झाड फुटायच्या आत ओळखून उपटणं हे तिथलं सगळ्यात मोठं कौशल्य होतं, आणि बंगालमध्ये तर त्यासाठी खास पारखी माणूस ठेवत. चरस मात्र आपल्या मैदानी मुलखात जवळजवळ तयार होत नसे. तो यारकंदहून लेहमार्गे पंजाबात यायचा. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही गांजा नगरच्या काळ्या रानात उत्तम व्हायचा, आणि डोंगराचं काम वेगळंच होतं. हे वाचताना मला वाटलं, आमच्या टपरीवरच्या त्या वाक्याला हा एवढा एक अहवाल पुरे आहे.

डोंगराने काय केलं ते या परागांतून समजतं. मैदानात शेजारच्या शेतातला पराग येतो आणि सगळं मिसळतं. डोंगरात दरी आड येते. एका खोऱ्यातलं बी त्या खोऱ्यातच फिरतं, पिढ्यान्‌पिढ्या, आणि त्याचं आपलं असं घराणं तयार होतं. हवामान एका बाजूने चाळणी लावतं, माणूस दुसऱ्या बाजूने. कुणी वाखासाठी उंच झाडाचं बी ठेवलं, कुणी दाण्यासाठी जाड बियाचं, कुणी राळेसाठी. गढवाल-कुमाऊंमध्ये भांगेच्या वाखाचं कापड आणि दोर होत आले, बियांची चटणी अजून ताटात असते. मॅकपार्टलंड आणि स्मॉल यांनी 2020 मध्ये दक्षिण आशियातल्या आणि मध्य आशियातल्या या घराण्यांची नव्याने वर्गवारी केली. हिमालयातल्या रानटी भांगेला त्यांनी वेगळी जागा दिली, भारतातल्या लागवडीच्या जुन्या जातीला वेगळी, आणि ही जुनी घराणी संपत चालल्याचा इशाराही दिला. कारण आता बी विमानाने येतं. बाहेरचं संकरित बी एका खोऱ्यात आलं की दोन-तीन मोसमांत वारा त्याचा पराग सगळीकडे पोचवतो. जुनं घराणं कसं संपतं हे आम्ही गावरानी कपाशीच्या बाबतीत डोळ्यांदेखत पाहिलं. नांदेडपासून आदिलाबादपर्यंतच्या काळ्या रानांतली ती लांब धाग्याची देशी कपाशी, जिच्या बियाची पोती घराच्या माळ्यावर असत, ती आता संशोधन केंद्राच्या थोड्या वाफ्यांत उरली.

हवामान आणि माणूस, जागा आणि बी, यांतलं कोण किती, हे तपासण्याची एक सुंदर रीत आहे आणि ती भांगेवर नाही, साध्या रानफुलांवर बसवली गेली. कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हीसी या तिघांनी समुद्राजवळ स्टॅनफर्डला, मधे 1400 मीटरवर मॅथरला आणि वर 3050 मीटरवर टिंबरलाइनला अशा तीन बागा केल्या. एकाच झाडाचे भाग करून, म्हणजे तेच बी, तेच रक्त, तिन्ही बागांत लावलं. खालचं झाड वर गेल्यावर खुजं झालं आणि पुष्कळदा थंडीत मेलं. वरचं झाड खाली आणल्यावर थोडं वाढलं, पण खालच्यासारखं उंच कधीच झालं नाही. 1940 आणि 1948 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. वीस वर्षांआधी स्वीडनमध्ये टुरेसनने याच कल्पनेला नाव दिलं होतं. ज्या जागेने घडवलं त्या जागेची खूण झाड अंगावर घेऊन फिरतं, आणि काही खुणा जागा बदलली की पुसतात, काही नाही. भांगेच्या बाबतीत हिमालयात अशा तीन बागांचं काम सरळ, कायदेशीर रीतीने व्हायला हवं. अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 14 प्रमाणे वाख, बी किंवा बागायतीसाठी सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने 2018 मध्ये तशी परवानगी सुरू केली, आणि तिथेच पहिली अडचण आली: नशेचं द्रव्य 0.3 टक्क्यांच्या आत हवं, आणि पहाडातली देशी भांग तेवढ्यात बसत नाही. हा 0.3 चा आकडा 1976 मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी घेतलेला होता. सोयीचा आकडा पुढे अनेक देशांत कायदा झाला, आणि आज कुमाऊंच्या शेतकऱ्याला आजीपासून चालत आलेलं बी सोडून बाहेरचं बी विकत घ्यावं लागतं. मला याचं खरोखर दुःख होतं. त्याच पहाडी बियातून कमी नशेची, लवकर पिकणारी, चांगल्या वाखाची झाडं निवडत गेलं तर दहा-बारा पिढ्यांत पहाडाचं स्वतःचं कायदेशीर वाण होईल. त्याला वेळ लागतो आणि माणसं लागतात. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या जम्मूतल्या संस्थेत औषधासाठी या झाडावर काम सुरू आहे, हे चांगलं चिन्ह आहे.

आता तो गोंड म्हातारा. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाची ती पूजा, पण चारी दिशांचे लोक येतात. रात्री शेकोट्या पेटतात. अशाच एका शेकोटीपाशी उटनूरकडच्या एका म्हाताऱ्याशी ज्वारीवरून बोलणं निघालं. आमची बोली मराठी-गोंडी मिसळलेली.

"दादा, वरचं बी खाली नेलं तर चालते का?"

"चालते ना गुरुजी. पहिल्या सालाले जुन्या घरचं वागते. दोन-तीन सालांनी खालचंच होऊन जाते. पोरीसारखं. सासरी गेली का सासरची."

"अन् खालचं वर आणलं तं?"

"ते उशीर करते. पाऊस निघून जाते अन् ते हिरवंच. दाणा भरत नाही. वरच्या जमिनीत पाणी कुठं थांबते? मुरूम आहे सारा."

मी रात्रभर त्यावर विचार केला. उंचीचा शब्दही त्याने काढला नव्हता. त्याच्या मते फरक मुरमाचा होता. वरची जमीन हलकी, पाणी लवकर निचरणारी, म्हणून लवकर पिकणारं बी तिथे टिकलं. खालची भारी काळी जमीन ओल धरते, म्हणून तिथे उशिराचं बी चालतं. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी 1948 च्या त्यांच्या ग्रंथात आदिलाबादच्या राजगोंडांची शेती मांडली आहे. हलक्या आणि भारी रानाच्या त्यांच्या पिकांतला हाच भेद तिथेही आहे. आपल्या भागापुरतं बोलायचं तर उंची म्हणजे मुरूम. तिथे अतिनील किरणांचा शोध घेण्यापेक्षा ओलीचा घ्यावा.

पूर्व घाटात, तेव्हाच्या विशाखापट्टणम जिल्ह्याच्या आदिवासी भागात, पाडेरू-चिंतापल्लीच्या आठशे-नऊशे मीटरच्या डोंगरांत जे लपून पिकवलं गेलं, "शीलावती" म्हणून ज्याचं नाव झालं, त्याच्या मागेही मला हेच दिसतं: एक जुनं देशी घराणं, भरपूर पाऊस, निचऱ्याची जमीन आणि पोचायला कठीण जागा. 2021 च्या शेवटी तिथल्या पोलिसांनी हजारो एकर उपटलं. बियाचा विचार त्यात कुणी केला नसेल, आणि पोलिसांकडून ती अपेक्षाही नाही. पण एखाद्या जनुकपेढीने, परवानगी घेऊन, उपटण्याआधी मूठभर बी नोंदवून ठेवायला हवं होतं असं मला वाटत राहतं.

या पुस्तकात झाड कसं लावायचं, राळ कशी काढायची, यातलं काही नाही. ते शोधत जो पान उलटेल त्याचा हिरमोड होईल. पहिल्या भागात उंचीचं हवामान, दुसऱ्यात बियाची घराणी, तिसऱ्यात आदिलाबाद आणि माणिकगडच्या पठारावरची पिकं: ज्वारी, तूर, कपाशी, अंबाडी. तिसरा भाग सगळ्यात मोठा झाला आहे आणि तो तसाच ठेवला, कारण तिथे मी डोळ्यांनी पाहिलेलं लिहू शकलो.

अंबाडीबद्दल एक सांगून थांबतो. कायद्याची अडचण नसलेलं, दिवस मोजणारं, भांगेच्या नावाचं झाड माझ्या हाती होतंच. केरामेरी घाटावरच्या एका गावातून मूठभर बी आणलं आणि बेल्याच्या बाजूचं घरचं मूठभर घेतलं. घरामागच्या परसात दोन तास केले, एकाच दिवशी पेरले, एकच पाणी, एकच माती. घाटावरची अंबाडी जरा ठेंगणी राहिली, तिच्या देठाला तांबूस झाक होती. घरची अंबाडी माझ्या खांद्याच्या वर गेली. भाद्रपद संपताना रोज सकाळी जाऊन पाहत होतो. आधी घाटावरची फुलेल असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. दोन्ही तासांना पिवळी फुलं एकाच आठवड्यात आली. घाट आणि बेला जवळजवळ एकाच अक्षांशावर, दिवस दोघांचाही तेवढाच. वहीतलं ते वाक्य खोडलं नाही, त्याच्या खाली तारखा लिहिल्या. या वर्षी त्याच दोन्ही तासांचं बी पुन्हा पेरलं आहे, दुसऱ्या सालाचं.